ॲक्सेसिबिलिटीच्या परिषदेला जाताना एक अडलेला प्रश्न सोबत न्या

डिजिटल ॲक्सेसिबिलिटी म्हणजे वेबसाइट आणि ॲप अपंग माणसांनाही वापरता येतील असं करणं. तिच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा निघालेले लोक मला बहुतेक वेळा एकच विचारतात, "कोणती व्याख्यानं ऐकू?" माझं उत्तर ऐकून ते थोडे हिरमुसतात. व्याख्यानं नंतर घरी बसून ऐकता येतात, बऱ्याच ठिकाणी त्यांची रेकॉर्डिंग कॅप्शनसकट मिळतात. जायचं ते दोन व्याख्यानांच्या मधल्या वेळासाठी, दाराबाहेर घोळका करून उभ्या असलेल्या माणसांसाठी. त्या घोळक्यात शिरायला गळ्यातलं ओळखपत्र पुरत नाही. आपण नीट खणून पाहिलेला आणि तरीही न सुटलेला एखादा प्रश्न जवळ लागतो.

मी वेबसाइट आणि ॲप तपासते, सगळं काम स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मला दिसत नाही. त्यामुळे अशा परिषदांत मी व्यावसायिक म्हणूनही असते आणि ज्यांच्याबद्दल व्याख्यानं चाललेली असतात त्यांच्यातलीही असते. खाली जे सांगते आहे ते या दोन्ही खुर्च्यांवर बसून.

कुठे जायचं

सुरुवात घरूनच करा. डीक कंपनीची ‘ॲक्स-कॉन’ २०२१ पासून ऑनलाइन भरते आणि मोफत असते, फक्त नाव नोंदवावं लागतं. ‘इन्क्लुझिव्ह डिझाइन २४’ सलग २४ तास चालतं. तिथे नोंदणीही नाही, यूट्यूबवर लावायचं आणि हवं तेव्हा उठायचं. मे महिन्याचा तिसरा गुरुवार म्हणजे ‘ग्लोबल ॲक्सेसिबिलिटी अवेअरनेस डे’. त्या आठवड्यात जगभर छोटे-मोठे कार्यक्रम होतात आणि त्यातले बरेचसे ऑनलाइन असतात. या दिवसाचा जन्म नवख्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या जो डेव्हन या डेव्हलपरने ‘डेव्हलपरांना ॲक्सेसिबिलिटी शिकवणारा एक दिवस हवा’ असं लिहिलं. टोरांटोत या क्षेत्रात काम करणाऱ्या, स्वतः अंध असलेल्या जेनिसन असुन्सियन यांनी ते वाचलं आणि त्यांच्याशी संपर्क साधला. २०१२ च्या मे महिन्यात पहिला दिवस साजरा झाला. एकाने जाहीरपणे अडचण मांडली, दुसऱ्याने हात पुढे केला. समुदायात शिरण्याची रीत आजही हीच आहे.

प्रत्यक्ष जायचंच असेल, तर आधी आपलं काम कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. सगळ्यात मोठी जत्रा म्हणजे ‘सी-सन’. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिज ही परिषद १९८५ पासून भरवते. ती मार्चच्या सुमाराला असते आणि सध्या अनाहाइममध्ये होते. तिथे उपकरणं बनवणारे, ती वापरणारे, कायदेवाले, शिक्षक असे सगळे भेटतात. परिषदेचं शुल्क परवडत नसेल, तरी प्रदर्शनाचं दालन मोफत असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. संशोधनात रस असेल, तर एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेच्या ‘सिगॲक्सेस’ गटाची ‘असेट्स’ परिषद बघा. तिथे शोधनिबंध वाचले जातात, विक्रेत्यांची गर्दी नसते. हाताला धरून शिकवणारं काही हवं असेल, तर ऑस्टिनमध्ये ‘नोबिलिटी’ संस्थेचं ‘ॲक्सेस-यू’ असतं. धोरणाचं काम करणाऱ्यांनी व्हिएन्नातल्या ‘झीरो प्रोजेक्ट’ परिषदेकडे लक्ष ठेवावं. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाल्यावर कायद्याबद्दलची सत्रं सगळीकडेच वाढली आहेत. ती ऐका, पण दिवसभर तीच ऐकू नका.

या सगळ्यांपेक्षा मला छोटी संध्याकाळची मीटअप जास्त आवडते. वीस-पंचवीस माणसं, एक वक्ता, नंतर गप्पा. तिथे तुमचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. मोठ्या परिषदेत ओळख व्हायला तीन दिवस लागतात आणि तोवर परिषद संपलेली असते.

नोंदणीच्या फॉर्ममधला तो रिकामा चौकोन

फॉर्मच्या शेवटी विचारलेलं असतं की तुम्हाला कोणत्या सोयी लागतील. भिडेपोटी लोक तो चौकोन रिकामा सोडतात, मग तिथे जाऊन कुढत बसतात. भरा. ‘मला ब्रेल येतं’ एवढं पुरत नाही. ‘स्लाइड दोन दिवस आधी मजकुराच्या स्वरूपात हव्यात, आणि नोंदणीच्या टेबलापासून सभागृहापर्यंत पहिल्या दिवशी कोणीतरी सोबत हवं’ असं लिहा. खुणांच्या भाषेचे दुभाषे लागणार असतील, तर जितकं लवकर कळवाल तितकं बरं. ते जोडीने काम करतात आणि थोड्या थोड्या वेळाने एकमेकांची जागा घेतात, म्हणजे एका व्याख्यानालाही दोघं लागतात. ऐन वेळी कोणी मिळत नाही. थेट कॅप्शन लिहिणाऱ्यांनाही वक्त्यांची नावं आणि तांत्रिक शब्द आधी हवे असतात, नाहीतर पडद्यावर भलतंच उमटतं.

अपंगत्व नसलेल्यांनाही या चौकोनातून एक गोष्ट कळते. ॲक्सेसिबिलिटीची परिषद म्हणवणाऱ्याने हा चौकोनच दिला नसेल किंवा फॉर्म कीबोर्डने भरताच येत नसेल, तर पैसे कुठे घालायचे याचा पुन्हा विचार करा. आयोजकांना कळवाही, नेमकं काय अडलं ते सांगून. त्यांचं उत्तर कसं येतं, त्यावरून परिषद कशी असेल ते बरंचसं समजतं.

पैशांचं म्हणाल, तर शिष्यवृत्ती आणि स्वयंसेवकांच्या जागा बऱ्याच ठिकाणी असतात, फक्त त्या शोधाव्या लागतात. कंपनीकडे मागताना ‘नेटवर्किंग’ हा शब्द अर्जात लिहू नका, तो वाचला की मंजुरी देणाऱ्याला सहल दिसते. आपल्या उत्पादनातला अडकलेला दोष लिहा, त्यावर कोणाशी बोलायचं आहे ते लिहा, आणि परत आल्यावर टीमला एक तास शिकवीन असं लिहा. मग तो तास खरोखर घ्या.

प्रश्न कसा तयार करायचा

‘आमची साइट ॲक्सेसिबल कशी करायची?’ हा प्रश्न बोळात उभं राहून सुटणारा नाही. समोरचा माणूस गोड हसतो आणि दुसऱ्या घोळक्याकडे सरकतो.

कामाचा प्रश्न असा असतो : शोधाच्या रकान्यात तीन अक्षरं लिहिली की खाली सूचनांची यादी उघडते. एनव्हीडीए (विंडोजवरचा स्क्रीन रीडर) आणि फायरफॉक्सवर सूचना किती आल्या ते ऐकू येतं. तोच कोड व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) आणि सफारीवर गप्प बसतो. आता यातून तुमच्या साइटचा सगळा पसारा काढून टाका. रंग नकोत, फ्रेमवर्क नको, फक्त तो एक रकाना आणि ती एक यादी असलेलं छोटं पान बनवा. पानावरच लिहा, काय ऐकू यायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय आलं, कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीवर. त्याचा छोटा पत्ता फोनमध्ये ठेवा. पाच मिनिटांच्या मध्यंतरात समोरचा माणूस तो आपल्याच फोनवर उघडतो, ऐकतो, आणि ‘अरे, थांब’ म्हणतो. या ‘थांब’साठीच तर आलेलो असतो. कधी कधी पसारा काढता काढताच प्रश्न सुटतो. मग दुसरा घ्या, कमतरता नसते.

त्याआधी थोडी तयारी हवी. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या वेब ॲक्सेसिबिलिटी मार्गदर्शक तत्त्वांची, म्हणजे डब्ल्यूसीएजीची, २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. तिच्यात ८६ निकष आहेत. सगळे पाठ करायला कोणी सांगत नाही, पण या क्षेत्रातले लोक आकड्यांत बोलतात. ‘हे चार-एक-दोनमध्ये बसत नाही’ असं कोणी म्हटलं, की बटणाचं नाव, भूमिका आणि स्थिती स्क्रीन रीडरला कळत नाही असं समजायचं. एक-एक-एक म्हणजे चित्रांना पर्यायी मजकूर. एक-चार-तीन म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक, साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १. दोन-एक-एक म्हणजे सगळं कीबोर्डने जमलं पाहिजे. एवढे चार ओळखीचे असले तरी निम्मं बोलणं समजतं. २.२ मध्ये नव्याने आलेल्या नऊ निकषांवर नजर टाकून ठेवा. बोटाने दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल असाव्यात आणि लॉगिन करताना माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये, या दोन निकषांवर हमखास वाद रंगतात.

आणि स्क्रीन रीडर चालवून बघा. विंडोजवर एनव्हीडीए मोफत आहे. ते सुरू करा, एच दाबत शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारा, के दाबून लिंक शोधा, एफ दाबून फॉर्ममधले रकाने. मॉनिटर बंद करून आपल्याच साइटवर एक काम पुरं करा. माझी एक विनंती, डोळ्यांवर पट्टी बांधून अर्धा तास फिरवणारी ‘अनुभव सत्रं’ मात्र टाळा. त्यात आंधळेपणाचा पहिला अर्धा तास कळतो, म्हणजे फक्त धडपड. मी मिनिटाला किती शब्द ऐकते आणि कोणत्या कळांनी पान पालथं घालते, त्यातलं काहीच कळत नाही.

तिथे पोहोचल्यावर

दिवसाला तीन सत्रं पुरेत. माझ्या एका कानात स्क्रीन रीडर स्लाइड वाचत असतो आणि दुसऱ्या कानात वक्ता असतो. चौथ्या सत्राला दोघं मिळून कालवा करतात. कॅप्शन वाचणाऱ्यांचे, ओठ वाचणाऱ्यांचे डोळे असेच थकतात. शांत खोली ठेवलेली असेल तर वापरा, ती काही फक्त आजारी माणसांची खोली नाही. काही छोट्या कार्यक्रमांत सत्रं आधी ठरलेलीच नसतात. सकाळी जमलेले लोकच विषय सुचवतात आणि वेळापत्रक लावतात. तिथे मनाला पटलं नाही तर मधून उठून दुसऱ्या खोलीत जाणं शिष्टाचाराला धरून असतं. तुमच्या त्या छोट्या पानासाठी याहून चांगली जागा नाही.

प्रश्न विचारायचा तर माईक घ्याच. ‘माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको’ असं म्हणणारा माणूस दर परिषदेत एक तरी निघतोच. माईकमधला आवाज कॅप्शन लिहिणाऱ्याकडे आणि श्रवणयंत्राला जोडलेल्या लूपमध्ये जातो. तुम्ही कितीही ओरडलात तरी तिथे शांतताच असते. आधी नाव सांगा, मग प्रश्न. म्हणजे मला कळतं नंतर कोणाला गाठायचं ते.

माणसांशी वागण्याचं थोडं सांगते, कारण नवखे इथेच बिचकतात. माझ्याशी बोलायला आलात की नाव सांगा; आवाज ओळखण्याची परीक्षा घेऊ नका. निघताना ‘निघतो’ म्हणा, नाहीतर मी हवेशी बोलत राहते. मदत हवी का विचारा. मी हो म्हटलं तर तुमचा कोपर पुढे करा, माझा दंड धरून ढकलू नका, आणि काठीला हात लावू नका. पट्टा बांधलेला मार्गदर्शक कुत्रा कामावर असतो, त्याला कुरवाळायचं नाही, कितीही गोड असला तरी. कर्णबधिर माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघा, दुभाष्याकडे नाही. ‘त्यांना सांगा की’ असं म्हणू नका, थेट बोला. व्हीलचेअरच्या मुठीवर बॅग अडकवणं किंवा रेलून उभं राहणं नको. बोलायला वेळ लागणाऱ्याचं, किंवा यंत्रावर टाइप करून बोलणाऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, थांबायचं. आणि ‘हे कसं झालं?’ हा प्रश्न घरी ठेवून या. समोरची व्यक्ती व्यवसायाने काय करते ते विचारा. बऱ्याचदा तुमच्या अडलेल्या गोष्टीचं उत्तर तिच्याकडेच असतं.

आणखी एक. भेटलेल्या अंध माणसाला ‘आमचं ॲप जरा बघता का’ म्हणून फोन हातात देणं हे फुकट काम मागणं आहे. छोटं चाचणी-पान दाखवून चर्चा करणं वेगळं, तिथे दोघांनाही शिकायला मिळतं. अख्खं ॲप तपासून हवं असेल, तर मोबदला ठरवा.

प्रदर्शनाचं दालन

इथे वेळ द्या. ब्रेल डिस्प्ले कधी हाताळला नसेल, तर विचारून बोटं ठेवा. इवलाले ठिपके बोटांखाली वर-खाली होतात आणि ओळ बदलते. ४० अक्षरांच्या त्या पट्टीवर तुमच्या साइटचा मेनू वाचून बघितलात, की लांबलचक लिंकची नावं किती छळतात ते एका मिनिटात उमगतं. डोळ्यांच्या हालचालीने चालणारे संगणक, एका बटणावर सगळं चालवणारे स्विच, हेही बघा.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांपाशी माऊस बाजूला ठेवायला सांगा आणि ‘आता हेच कीबोर्डवर दाखवा’ म्हणा. चेहऱ्यावर काय दिसतं ते मला माहीत नाही, पण आवाजात बदल होतो. उत्पादन ॲक्सेसिबिलिटीचे कोणते निकष पाळतं ते सांगणारा, व्हीपॅट या ठरलेल्या नमुन्यात भरलेला अहवाल मागा, तो कधी आणि कोणी भरला ते विचारा. ‘एक ओळ कोड टाका, साइट ॲक्सेसिबल’ असं सांगणाऱ्या विजेटवाल्यांपासून मी लांब राहते. या क्षेत्रातल्या शेकडो लोकांनी अशा दाव्यांविरुद्ध जाहीर पत्रकावर सह्या केल्या आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. खोळ घातली म्हणून आतलं फर्निचर दुरुस्त होत नाही.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत, ज्यांनी तुमच्या पानावर डोकं खाजवलं त्यांना कळवा की पुढे काय झालं. सुटलं असेल तर कसं सुटलं, नसेल तर कुठवर आलं. नुसतं ‘भेटून आनंद झाला’ लिहू नका, तसे निरोप सगळ्यांना ढिगाने येतात. सुधारलेलं पान सगळ्यांसाठी खुलं ठेवा. समाजमाध्यमांवर टाकताना चित्राला पर्यायी मजकूर द्या. इंग्रजी हॅशटॅगमधल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते शब्द सुटे करून वाचतो. या मंडळींत या दोन गोष्टी चुकल्या तर कोणी ओरडत नाही, पण लक्षात येतात.

मग एका जागी नियमित काम धरा. डब्ल्यू३सीचे कम्युनिटी गट कोणालाही खुले आहेत, शुल्क नाही, फक्त खातं उघडावं लागतं. यातला ‘एरिया-एटी’ गट मला नवख्यांसाठी फार चांगला वाटतो. वेगवेगळे स्क्रीन रीडर एकाच घटकाला काय म्हणतात ते तो ठरलेल्या पायऱ्यांनी तपासतो आणि नोंदवतो. पायऱ्या लिहिलेल्या असतात, आपण चालवायचं आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहायचं. माझ्यासारखीला तर हे काम घरचंच. तुमचा तो शोधाचा रकाना तिथे कोणीतरी आधीच तपासलेला असण्याची शक्यताही बरीच.

बैठकींना बसायचं झालं, तर आधी जुनी टिपणं वाचा, ती सार्वजनिक असतात. डब्ल्यू३सीच्या बऱ्याच गटांत बोलण्यासाठी हात वर करण्याऐवजी चॅटमध्ये क्यू आणि अधिकचं चिन्ह लिहितात, की तुमचं नाव रांगेत लागतं. टिपणं कोण घेणार हे पाळीपाळीने ठरतं आणि त्या वेळी सगळे एकदम गप्प होतात. पहिल्या दोन-तीन बैठका झाल्या की तुम्ही हो म्हणा. टिपणं घेणाऱ्याला ‘हे पुन्हा सांगता का?’ म्हणायचा पूर्ण अधिकार असतो, त्यामुळे न समजलेलं विचारायला कारणच मिळतं. शिवाय सगळ्यांना तुमचं नाव कळतं, कारण सगळ्यांची नावं तुम्हीच लिहिलेली असतात.

बैठका मानवत नसतील, तर दोष नोंदवा. एनव्हीडीए हा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन आणि जेम्स टे या दोन अंध तरुणांनी उभा केलेला मुक्त प्रकल्प आहे. त्याचा कोड आणि दोषांची यादी गिटहबवर सगळ्यांसमोर असते. आधी शोधा, तोच दोष कोणी नोंदवला आहे का. नसेल तर पायऱ्या, अपेक्षा, घडलेलं, आवृत्ती, एवढंच लिहा. राग लिहू नका.

प्रमाणपत्राबद्दल हमखास विचारतात. आयएएपी या व्यावसायिक संघटनेच्या दोन परीक्षा जास्त चालतात. सीपीएसीसी ही पायाभूत, अपंगत्व, तत्त्वं आणि कायदे यांवरची. डब्ल्यूएएस ही वेबच्या तांत्रिक कामाची. नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावं लागतं, त्यासाठी शिकत राहिल्याचे गुण जमवावे लागतात आणि परिषदांतली सत्रं त्यात धरली जातात. नोकरीच्या अर्जाला त्याचा उपयोग होतो. दारात उभ्या घोळक्यात मात्र ते कोणी विचारत नाही.

पुढच्या वर्षी बोलायला उभं राहायचं असेल, तर तारखा आत्ताच बघा. मोठ्या परिषदा प्रस्ताव बरेच महिने आधी मागवतात. विषय तोच घ्या, अडलेला रकाना आणि तो कसा सुटला, न सुटलेला भागही. स्लाइड आयोजकांना आणि कॅप्शन लिहिणाऱ्यांना आधी पाठवा. पडद्यावर चित्र आलं की त्यात काय आहे ते एका वाक्यात तोंडाने सांगा. ‘इथे बघा’ आणि ‘हे जे दिसतंय’ ही वाक्यं सरावातच काढून टाका. व्हिडिओ दाखवणार असाल तर त्याला कॅप्शन हवंच. वेळेच्या पाच मिनिटं आधी थांबा, म्हणजे लोकांना बाहेर येऊन तुमच्याभोवती घोळका करता येईल.